घर आवरायचं नाही

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार, आहे हे कळलं त्या दिवशी हॉस्पिटलमधून निघून आम्ही थेट दूध आणायला गेलो. घरातलं दूध संपलं होतं आणि दुकान वाटेत होतं. श्रीकांत, माझा नवरा, दुधाच्या कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला आणि घरात कुणीही पीत नाही ते बिनसायीचं दूध घेऊन आला. मी त्याला काहीच बोलले नाही. त्यावरून त्याला कळलं की मी घाबरले आहे.

सुरुवात डाव्या पायापासून झाली होती. पावलावर सतत ओला मोजा चढवल्यासारखं वाटायचं. मग ऑफिसला जाताना सी-ट्रेनमधून उतरले आणि फलाटावर पडले. कॅल्गरीच्या थंडीत सगळेच घसरतात, म्हणून मी चांगले बूट घेतले आणि विषय संपवला. पुढच्या वेळी पडले ती ऑफिसच्या गालिच्यावर. गालिच्यावर बर्फ नसतो.

मी एका इंजिनिअरिंग कंपनीत कामांची वेळापत्रकं बनवते. कुठला पाइप साइटवर कधी पोचणार, तो उशिरा आला तर कोण रिकामं बसणार, हे आधी ओळखायचा मला पगार मिळतो. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टने खुर्ची जवळ ओढली तेव्हाच मी ओळखलं. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले की बातमी बरी नसते. ती तरुण होती, माझ्या भाचीच्या वयाची, आणि नीट बोलली. माझंच शरीर माझ्या नसांवरचं आवरण कुरतडतंय, एवढं समजलं. त्यापुढचं ऐकूच आलं नाही. श्रीकांतने विचारलं, कशामुळे झालं? मी विचारलं, गाडी चालवता येईल का? डावा पाय आहे, गाडी ऑटोमॅटिक आहे, सध्या येईल, असं ती म्हणाली. मला तेवढं पुरलं.

घरी ईशा होती, आमची मुलगी. ती तेव्हा युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला होती. आम्ही मराठीत बोललो की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, अजूनही देते. "आर यू गोइंग टू बी ओके?" तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, पण कणीक भिजवलेली आहे. मी पोळ्या लाटल्या, तिने भाजल्या. ज्यांना नुकतंच असं काही कळलं असेल त्यांना माझा एवढाच सल्ला आहे: त्या दिवशी काहीही ठरवू नका, इंटरनेटवर वाचू नका, जेवा.

गरम चादर

औषध हाताच्या शिरेतून द्यायचं असतं. एका मोठ्या खोलीत आरामखुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी ड्रिपचा खांब. पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी एक म्हातारा रँचवाला बसला होता, काउबॉय हॅट मांडीवर ठेवून. तो दिवसभरात एकच वाक्य बोलला: इथली कॉफी पिऊ नकोस. त्याचं बरोबर होतं.

मारिसेल नावाची नर्स होती. ती एका कपाटातून चादर काढून आणायची आणि पायांवर पसरायची. ते कपाट आतून तापवलेलं असतं. बाहेर उणे तीस, हातात सुई, आणि पायावर इस्त्री केल्यासारखी गरम चादर. मला देवधर्माचं फारसं काही नाही, पण ते कपाट ज्याने शोधलं त्याचं भलं होवो.

मग कोविडची साथ आली. खुर्च्या एकाआड एक रिकाम्या ठेवायला लागले. सोबतीच्या माणसाला आत बंदी झाली, म्हणून श्रीकांत पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसायचा. माझं औषध रोगप्रतिकारशक्ती उतरवून ठेवतं, त्यामुळे कमीत कमी लोकांना भेटा असं डॉक्टरने सांगितलं. श्रीकांतने त्याचा अर्थ कुणालाही भेटू नका असा घेतला. त्याने फ्लॉवर साबणाने धुतला. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंतही तो मला जाऊ देईना. ऑफिस बेसमेंटमध्ये आलं, जेवण टेबलाच्या दोन टोकांना गेलं, आणि मी वॉशरूममध्ये जरा जास्त वेळ राहिले की दारावर टकटक व्हायची.

त्याचं चुकत होतं असं नाही. तो घाबरला होता आणि भीतीला हाताला काम लागतं. पण काम मलाही हवं होतं.

दोन्हीकडे

एकट्या राहणाऱ्या आणि अपंग लोकांसाठी आमच्या मराठी मंडळाने एक मदतगट सुरू केला. मिलिंद देशपांडे तो सांभाळायचा. त्याने मला फोन करून विचारलं की घरी काय पोचवू. मी म्हटलं, आमच्याकडे दोन धडधाकट माणसं आहेत, मला काम सांग.

तो म्हणाला, "शुभदावहिनी, तुम्ही मदत घेणाऱ्यांमध्ये आहात."

"कुणी ठरवलं?"

"म्हणजे... सगळ्यांनाच वाटलं तसं."

"मला दोन्हीकडे धर."

जेवताना भांडण झालं. या शहरात दुसरं कोणी नाही का, असं श्रीकांतने विचारलं. आहेत की, मी म्हटलं, मी कुठे म्हणते मी नसले तर शहर बंद पडेल. ईशा म्हणाली, "मॉम, दॅट्स इन्सेन," आणि दुसऱ्या दिवशी तिनेच मास्कचा खोका माझ्या गाडीत ठेवला. तह असा झाला की मी गाडीतून उतरायचं नाही आणि काच खाली करायची नाही. त्यातलं दुसरं कलम मी पाळलं.

काम सोपं होतं. दुकानाची माणसं सामान डिकीत ठेवायची. लोकांच्या घरासमोर मी बटण दाबून डिकी उघडायची आणि ज्याचं त्याने उचलून न्यायचं. एका घरी ऑटिझम असलेला चाळिशीचा मुलगा होता. त्याचं रोजचं केंद्र बंद पडलं होतं आणि म्हातारे आईवडील त्याच्याबरोबर दिवसरात्र कोंडले गेले होते. त्याला एकाच छापाचं दही चालायचं. ते मिळालं नाही तर त्या घरात काय होतं हे मी फोनवरून ऐकलं होतं, म्हणून त्या दह्यासाठी मी शहरभर फिरायचे. आजारपणाच्या पहिल्या वर्षातली माझी सर्वांत मोठी कामगिरी विचाराल तर ते दही.

प्रमिलाकाकू

प्रमिला खानोलकर नदीवरच्या पुलापलीकडे, एका कॉन्डोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लहानपणी मिरजेत पोलिओ झाला. पायात कॅलिपर घालून शिकल्या, कॅलिपर घालून कॅनडात आल्या, कॅलिपर घालून आयुष्यभर लॅबमध्ये नोकरी केली. यजमान गेल्यावर एकट्या राहिल्या. पोलिओ म्हातारपणी पुन्हा हिशेब मागतो; हातातलाही जोर गेला आणि त्या बॅटरीच्या व्हीलचेअरवर आल्या. सरकारी होमकेअरची बाई सकाळी येऊन त्यांना उठवायची, अंघोळ घालायची, आणि संध्याकाळी येऊन खुर्चीतून पलंगावर ठेवायची. मधला सगळा दिवस त्यांचा.

मी गाडी लॉबीसमोर लावायचे. काकू खुर्ची घेऊन लिफ्टने खाली यायच्या, काचेच्या दाराआड थांबायच्या, आणि आम्ही एकमेकींकडे बघत फोनवर बोलायचो. माझा हीटर चालू, त्यांच्या गुडघ्यांवर शाल. इमारतीतलं कोणीतरी सामानाच्या पिशव्या त्यांच्या खुर्चीला अडकवून द्यायचं. कोथिंबीर जून आणली की त्या काचेतूनच दाखवायच्या.

एका सकाळी त्यांच्या अंगावर आदल्या दिवशीचाच गाऊन होता आणि पाय सुजून सपातेतून बाहेर आले होते. काल संध्याकाळी बाई आलीच नाही, आजची अजून यायचीय, असं त्या सहज म्हणाल्या. माणसं आजारी पडतायत, त्या तरी काय करणार. खुर्ची मागे झुकते, रात्र निघते.

"निनादला सांगितलंत?"

निनाद म्हणजे त्यांचा मुलगा, विमानानेच जावं लागेल इतक्या लांब ओकव्हिलला असतो.

"त्याला कशाला? तो लगेच म्हणेल, म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये जा. म्हणतोच आहे तो. टेम्पररी म्हणे. अगं, तिथे साथीत माणसं कशी जातायत ते बातम्यांत बघतेस ना? तिथे टेम्पररी काही नसतं."

तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की काकूंना काय वाचवायचं आहे. ती तिसऱ्या मजल्यावरची जागा, खिडकीत दोन तुळशी, आणि आपण कधी उठायचं ते आपण ठरवायचं. एवढंच होतं. पण ते गेलं तर काकू पुन्हा त्या दारातून आत येणार नव्हत्या, हे त्यांना माहीत होतं आणि आता मलाही.

आवरलेलं घर

होमकेअरच्या केस मॅनेजरचा फोन आला. तिचं नाव हेदर. माणसं कमी पडतायत, म्हणून सगळ्यांच्या गरजा पुन्हा बघतोय, व्हिडिओ कॉलवर बोलू, असं तिने सांगितलं. काकूंनी मला कळवलं. फोन धरायला कोणीतरी लागेल, येशील का?

मी श्रीकांतला सांगून गेले. दोन मास्क, हातमोजे, खिडक्या उघड्या. आणि गेल्यावर आम्ही दोघींनी काय केलं असेल? घर आवरलं.

कोणी येणार म्हटलं की आपण हेच करतो, मग ते फोनच्या पडद्यातून का येईना. न्हाणीघरातली कमोडची खुर्ची मी पडद्यामागे ढकलली. कॅलिपर कपाटात गेला. सिंकमधली भांडी मी घासली, डाव्या पायावर जोर न देता, एका हाताने कट्टा धरून. औषधांच्या बाटल्या ड्रॉवरमध्ये. मग काकू म्हणाल्या, या गाऊनवर कशी बोलू, परकी बाई बघणार. मी त्यांना बसल्या बसल्या साडी गुंडाळली, पदर खांद्यावर पिनने लावला. त्यांनी पावडर लावली. कुंकू लावलं. हॉल असा दिसत होता की हळदीकुंकवाला बायका बोलवाव्यात.

हेदर चांगली होती. हसतमुख, घाईत, मागे तिची मांजर. तिने विचारलं, चहा करता येतो का? काकू म्हणाल्या, हो हो, नो प्रॉब्लेम. कपडे कोण घालतं? काकूंनी साडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बघताच आहात. संध्याकाळी बाई आली नाही तर? त्यावर काकू हसल्या. "वी मॅनेज." मी फोन धरून उभी होते आणि मला अभिमान वाटत होता. किती छान बोलतायत काकू.

आठवड्याने उत्तर आलं. खानोलकर बाई स्वतःचं चांगलं करू शकतात, सकाळची मदत पुरेशी आहे. महिनाअखेरपासून संध्याकाळची बाई बंद. त्याने अडचण होत असेल तर एका केअर होममध्ये जागा मिळू शकेल.

काकूंनी हे मला काचेआडून सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "निनादने तर सामान भरायला बॉक्सेस मागवायचं ठरवलंय," त्या म्हणाल्या. "बघ, किती तत्पर आहे."

चांगलं चालणं

त्याच सुमाराला माझी न्यूरॉलॉजीची अपॉइंटमेंट होती. या तपासणीत पॅसेजमधून चालून दाखवावं लागतं आणि डॉक्टर घड्याळ लावते. मी त्याची तयारी करून जायचे. आधीचे दोन दिवस पाय वर घेऊन पडायचं, सकाळची वेळ मागायची, टणक तळव्याचे बूट घालायचे, काठी गाडीत ठेवायची. मग मान ताठ करून चालायचं. दर वेळी डॉक्टर म्हणायची, यू लुक ग्रेट. दर वेळी मी खूश होऊन घरी यायचे आणि संध्याकाळी जिना बसून चढायचे.

त्या दिवशीही मी झोकात निघाले. पॅसेजच्या अर्ध्यावर गेले आणि काकूंचा पदर आठवला, त्याला लावलेली पिन आठवली. मी इथे साडीच नेसून आले होते की.

मी थांबले. डॉक्टरला वाटलं चक्कर आली.

"हे माझं चांगलं चालणं आहे," मी म्हटलं. "दुसरं बघायचं असेल तर संध्याकाळी चार वाजता घरी या. जिन्यावर."

ती हसली नाही. तिने घड्याळ बंद केलं आणि पुन्हा तीच खुर्ची ओढली. या वेळी मी बोलले. जिन्याचं सांगितलं, भाजी चिरताना सुरी कशी निसटते ते सांगितलं, वॉशरूमला वेळेत पोचता येत नाही तेही सांगितलं. ते मी श्रीकांतलाही सांगितलेलं नव्हतं. त्यातून मला पावलाचा आधार मिळाला, फिजिओ मिळाली, ऑफिसातून दुपारची विश्रांती मिळाली. इतके दिवस ते सगळं तिथेच होतं. मी चांगली चालत असल्यामुळे कोणी देत नव्हतं.

अशा आजारात आपलं शौर्य डॉक्टरसमोर दाखवू नका. जे मोडलेलं दिसत नाही त्याची दुरुस्ती तिथे कोणी करत नाही. शौर्य दुकानात दाखवा, ऑफिसात दाखवा, नवऱ्याशी भांडताना दाखवा.

पुन्हा

गाडीत बसल्या बसल्या मी काकूंना फोन लावला. म्हटलं, आपण चुकलो, आपण घर आवरलं.

त्यांना आधी कळेचना. मग कळलं तेव्हा राग आला. "म्हणजे काय, घाणीत बसून दाखवू? भिकारणीसारखी?"

"जसं आहे तसं दाखवा. त्या बाईला जे दिसलं तेच तिने लिहिलं. आपण तिला काही दिसूच दिलं नाही."

"लोक काय म्हणतील असं नाही गं माझं. पण माझ्या घराची काही रीत आहे."

"रीत राहील. घर राहिलं तर."

त्यांनी फोन ठेवला. मी त्यांना समजावत बसले नाही. माझा तो स्वभाव नाही. हेदरच्या ऑफिसला फोन केला आणि विचारलं, पुन्हा बघायची विनंती करता येते का. येते. ते कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. पण विनंती तुम्हाला करता येणार नाही, खानोलकर बाईंनीच करायला हवी, असं उत्तर मिळालं. तेही बरोबरच होतं. काकूंनी ती केली, दोन दिवसांनी, मला न विचारता.

आम्ही रंगीत तालीमही केली, काचेच्या दोन बाजूंना. मी हेदर झाले. चहा करता येतो का? "येतो, पण..." पण काय? "पण कपात ओतताना हात थरथरतो, म्हणून मी दुपारनंतर चहाच करत नाही." छान. बाई आली नाही तर काय करता? काकूंनी तोंड वळवलं. "ते नाही सांगता येणार." मी म्हटलं, मी डॉक्टरला काय सांगितलं ते ऐकायचंय? आणि सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "श्रीकांतला माहितीये?" मी नाही म्हटलं. "मग मला कसली शिकवतेस? आधी घरी जाऊन सांग."

घरी जाऊन सांगितलं. श्रीकांतने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, खालच्या मजल्यावर वॉशरूम करायला घेऊ. त्यावरही आमचं भांडण झालं, टाइल्सवरून. बरं वाटलं.

दुसरा कॉल होता त्या दिवशी मी गेले तर काकू दारातच म्हणाल्या, कशाला हात लावू नकोस. मी कशालाही हात लावला नाही. ते किती जड गेलं ते मला विचारा. कमोडची खुर्ची हॉलमध्ये. सिंकमध्ये भांडी. आदल्या संध्याकाळची बाई पुन्हा आली नव्हती, आणि काकू कालपासून त्याच खुर्चीत, त्याच गाऊनमध्ये होत्या. सकाळच्या बाईलाही उशीर झाला होता. खोलीला वास होता. टेबलावर डाळीचा डाग होता आणि काकूंचा हात दोनदा पदर शोधायला गेला, पुसायला. पदर नव्हता. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

निनादलाही कॉलवर घेतलं होतं, काकूंच्याच सांगण्यावरून. हेदरने तेच प्रश्न विचारले. या वेळी काकूंनी उत्तरं दिली, इंग्रजीत, लॅबचा रिपोर्ट वाचावा तशी. चहाचं. बटणांचं. शेवटी संध्याकाळचं आलं. त्या म्हणाल्या, काल बाई आली नाही. मी रात्रभर या खुर्चीत आहे. माझे कपडे ओले आहेत.

मग त्यांनी मला फोन फिरवायला सांगितलं. हॉल, न्हाणीघर, सिंक, पाय. मी सगळं दाखवलं. हेदरची मांजर मध्ये आली, तिने ती बाजूला केली.

निनाद पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. "आई, तू मला रोज सांगतेस सगळं छान आहे." मग तो सावरला, आणि मला भीती होती तेच म्हणाला. हे असं असेल तर तू तिथे राहूच शकत नाहीस. धिस प्रूव्ह्ज इट. आजच त्या होमला कळवू.

खरं सांगितलं की ते दोन्हीकडून वापरता येतं, हा विचार माझ्या वेळापत्रकात नव्हता. मी तोंड उघडणार होते, पण काकूंनी हात वर करून मला थांबवलं. त्या मराठीत बोलल्या, मुलाशी, हेदर बघत असताना.

"निनाद, मी घर बघायला बोलावलंय. घर सोडायला नाही. मला जागा कमी पडत नाहीये, माणूस कमी पडतोय. तुला काळजी आहे ना? मग माणूस माग. माझ्याबरोबर माग."

मग काकूंनी हेदरला इंग्रजीत तेच सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, मला उचलायचं एक यंत्र मिळतं, छतावर रूळ आणि खाली झोळी, बटणावर चालतं. ते असेल तर एक माणूस पुरतो, तोही फार ताकदीचा नको. मी त्याबद्दल आधी विचारलं होतं. मला सांगितलं गेलं की तुम्हाला गरज दिसत नाही. आता दिसतेय का?

हेदर म्हणाली, "येस. आय सी इट."

संध्याकाळची पाळी

सगळं मिळालं नाही. कधी मिळतं? संध्याकाळची बाई आठवड्यातले काही दिवस परत आली, रोज नाही. यंत्र मंजूर झालं, पण बसवायला वसंत उलटला. तोवर मंडळातल्या दोघीजणी, एक नर्स आणि एक जिममध्ये शिकवणारी, आलटून पालटून काकूंना उचलायच्या. मी त्यात नव्हते. माझ्या पायाने ते जमलं नसतं आणि आता मी तसं म्हणायला शिकले होते.

यंत्र आलं तेव्हा थेरपिस्ट शिकवायला आली. झोळी कशी सरकवायची, पट्टे कसे अडकवायचे, कुठलं बटण. मी मिलिंदला सांगितलं, बाई नसेल त्यातली एक संध्याकाळ माझी.

"वहिनी, नक्की?" त्याने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाला, "नाही, नाही विचारत."

श्रीकांत म्हणाला, मी खाली गाडीत बसेन, काही झालं तर फोन कर. मी हो म्हटलं. पूर्वी भांडले असते.

जूनमध्ये कॅल्गरीला आठ वाजता लख्ख ऊन असतं. पहिल्या संध्याकाळी काकू कुरकुरत होत्या, दिवसाउजेडी झोपवतेस, मी काय बाळ आहे? मी मास्क घट्ट केला, काठी पलंगाला टेकवली, पट्टे अडकवले, पुन्हा एकदा तपासले, आणि बटण दाबलं. काकू खुर्चीतून वर उचलल्या गेल्या. झोळीत त्या अगदी लहान दिसत होत्या. वरून मला सूचना देत होत्या, डावीकडे, अगं तुझं डावं नाही, माझं. मी रुळावरून त्यांना सरकवलं, खाली उतरवलं, आणि माझा पाय लटपटायला लागला म्हणून त्यांच्याच पलंगाच्या कडेला बसले. दोघी धापा टाकत होतो. काम तर यंत्राने केलं होतं.

तेवढ्यात निनादचा फोन आला. तो आता रोज याच वेळेला करतो. मी स्पीकर लावून उशीजवळ ठेवला.

"कुठे आहेस, आई?"

"पलंगावर. माझ्या खोलीत."

"आज बाई नव्हती ना? मग कोणी ठेवलं तुला?"

"शुभदाने."

मग तो जपून म्हणाला, "पण आई... शुभदाताई स्वतःच आजारी आहेत ना?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पाय चोळत होते.

"हो," त्या म्हणाल्या. "मग?"